एका स्वराच्या पोटात

पेटीची पट्टी दाबून धरा आणि भात्याचा जोर वाढवा. तोच सूर मोठा होतो, जोर कमी केला की बारीक होतो. पियानोवर ही सोय नाही. तिथे हातोडी तारेवर पडली की सूर विरतच जातो. म्हणून एकाच लांब स्वराच्या आत आवाज कुठे चढला, कुठे उतरला, हा प्रश्न मुख्यतः गायकांचा, व्हायोलिनवाल्यांचा, बासरीवाल्यांचा.

पुण्यात तर तो विचारायलाच हवा. सवाई गंधर्व महोत्सव इथे 1953 पासून भरतो आणि सवाई गंधर्वांच्या किराणा घराण्याच्या संथ आलापात एकेका स्वराचा लगावच, म्हणजे तो कसा लावला आणि कसा वाढवला तेच, ऐकायचे असते.

कागदावर मात्र हा लगाव येत नाही. 1874 मध्ये इथे पूना गायन समाज निघाला, 1911 मध्ये भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज काढला, 1932 मध्ये विनायकराव पटवर्धनांनी गांधर्व महाविद्यालय. वर्ग आला की फळा आला, वही आली, नोटेशन आले. विनायकरावांचे गुरू विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या लिपीत स्वराखालच्या खुणेवरून त्याची लांबी कळते. संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या लिपीत लांबलेल्या स्वरापुढे मात्रेमात्रेला आडवी रेघ येते. कोमल, तीव्र, सप्तक, सम, खाली, सगळ्याला खूण आहे. आवाजाच्या लहान-मोठेपणाला नाही. ते गुरूसमोर बसूनच घ्यायचे.

पाश्चात्त्य लिपीत त्याला खुणा आहेत: हळूसाठी ‘पी’, जोरासाठी ‘एफ’, चढत्या-उतरत्या आवाजासाठी उघडणारी किंवा मिटणारी लांब पाचर. नोटेशन छापण्याच्या लिलिपाँड या मोफत संगणक-प्रणालीत त्या माउसने ओढून ठेवायच्या नसतात, टाइप करायच्या असतात. हान-वेन निनहॉइस आणि यान न्यूवेनहॉइझेन या दोघा डच संगीतप्रेमींनी ती 1996 मध्ये सुरू केली. ‘सी’पुढे 4 म्हणजे पाव स्वर, 1 म्हणजे पूर्ण. त्याला चिकटून उलटी तिरकी रेघ आणि ‘पी’ लिहिले की खूण त्या स्वराखाली छापली जाते.

गोची इथेच होते. खूण स्वराला चिकटते, म्हणजे स्वर जिथे सुरू होतो तिथे. चार मात्रांच्या स्वराची तिसरी मात्रा त्या मजकुरात कुठेच नसते. मग खूण टांगायची कशाला?

उपाय चलाख आहे. त्याच स्वराला समांतर दुसरी ओळ लिहायची, नुसत्या ‘एस’ अक्षरांची. हे ‘एस’ वेळ घेतात, पण छापले जात नाहीत. पाव-पावचे चार ‘एस’ मांडा. दुसऱ्यावर पाचर उघडा, तिसऱ्यावर ती संपवून उलटी सुरू करा, चौथ्यावर मिटवा. छापील पानावर दिसतो एकच गोल स्वर आणि त्याखाली फुगून ओसरणारा आवाज. बेरीज तेवढी जुळली पाहिजे, नाहीतर ओळी घसरतात. 2022 च्या अखेरीस आलेल्या 2.24 आवृत्तीत याहून सुटसुटीत ‘आफ्टर’ आज्ञाही आहे: इतका वेळ गेल्यावर ही खूण, एवढेच सांगायचे.

गंमत अशी, की भातखंड्यांच्या लिपीत ही जागा आधीपासूनच मोकळी आहे. ‘सा’पुढच्या तीन रेघा म्हणजे छापून दिसणारे ‘एस’च. पाचर सहज बसेल; फक्त खाली गीताचे शब्द आणि तालाच्या खुणा असल्याने ती वर, तार सप्तकाच्या टिंबाच्याही वर काढावी लागेल. गाण्याच्या पाश्चात्त्य छपाईतही शब्दांना वाट देण्यासाठी या खुणा वरच चढवतात.

बंदिशीच्या वहीत मात्र त्या घालू नयेत. तिथे बंदिश हवी, एका गायकाचा त्या दिवशीचा लगाव नको. ध्वनिमुद्रणातला एखादा आलाप अभ्यासासाठी उतरवून घ्यायचा असेल, तर रेघांवरच्या या पाचरी हव्यातच.