सोने अर्धा ग्रॅम, रेझिस्टर एक नग

रायपूरचा सदर बाजार ही सराफांची पेठ. इथे अर्धा ग्रॅम सोने मागायला कुणाला संकोच वाटत नाही. त्याच शहरात घरी सर्किट जोडणारा विद्यार्थी मात्र एक नग रेझिस्टर मागताना बिचकतो. सुटे भाग घाऊकच मिळतात, नाहीतर थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो, अशी त्याची समजूत असते.

तसे नाही. पाच हजार नगांचे रीळ कारखान्यातल्या यंत्रासाठी असते. डिजी-की, माउझर यांसारखे अधिकृत वितरक त्याच रिळाची पट्टी कापून एकेक नगही विकतात. पुण्याची मॅकफॉस कंपनी ‘रोबू’ या नावाने सुट्या भागांची ऑनलाइन विक्री करते आणि २०२३ मध्ये ती बीएसईच्या एसएमई मंचावर नोंदली गेली.

मग महाग काय पडते? वाहतूक. रुपयाभराच्या रेझिस्टरसाठी पन्नास-साठ रुपये कुरिअरला मोजले की हिशेब कोलमडतो. म्हणून मागणी एकत्र करावी. ई-१२ या प्रमाणित मालिकेत दर दशकात, म्हणजे दहापटीच्या प्रत्येक टप्प्यात, बाराच मूल्ये असतात; १० ओहमपासून १ मेगाओहमपर्यंत ती ६१ भरतात. प्रत्येकाचे दहा नग एकदाच घेतले, की ६१० रेझिस्टरांच्या त्या डब्यावर वर्षानुवर्षे काम भागते.

‘स्वस्त म्हणजे नकली’ हा समज अर्धाच खरा. आर्डुइनो या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा आराखडा खुला आहे. त्यावरून दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनवलेला बोर्ड नकली ठरत नाही. आर्डुइनोचे नाव छापून विकला, तरच ती फसवणूक. चिपची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने तिच्या यूएसबी चिपच्या नकला ओळखून त्यांचा ओळख-क्रमांक शून्य केला आणि कित्येकांची उपकरणे संगणकाला दिसेनाशी झाली. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याकडची चिप नकली आहे याचा पत्ताही नव्हता. म्हणून रेझिस्टर कुठूनही घ्यावेत, पण महागडी चिप आणि पॉवर ट्रान्झिस्टर खात्रीच्या विक्रेत्याकडूनच.

सर्वांत खर्चिक गैरसमज म्हणजे आराखड्यात लिहिलेलाच भाग हवा हा हट्ट. ५ व्होल्टवर लाल एलईडीला ३३० ओहम लावला तर सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, ३९० लावला तर पावणेआठ. डोळ्याला फरक कळत नाही. १६ व्होल्टच्या कपॅसिटरऐवजी तेवढ्याच क्षमतेचा २५ व्होल्टचा चालतो, फक्त तो जागेत मावायला हवा. २५ च्या जागी १६ चा मात्र कधीही लावू नये. ट्रान्झिस्टरमध्ये बीसी ५४७ नसेल तर साध्या कामाला २एन ३९०४ चालतो, पण सपाट बाजू समोर धरली की दोघांच्या पायांचा क्रम एकमेकांच्या उलट असतो. तेवढा तो फिरवून बसवावा लागतो.