शास्त्राधार आणि करमाफी

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात एकमताने निकाल दिला. वंशाच्या आधारे सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरले. पण निकाल लागला म्हणजे शाळेचे दार उघडले, असे होत नाही. त्या दारात धर्ममार्तंड बायबल घेऊन उभे राहिले!

त्याच वर्षी मिसिसिपीचे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक जी. टी. गिलेस्पी यांनी वंशभेदाला शास्त्राधार असल्याचे सांगितले. गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ने त्या भाषणाची पुस्तिका काढली. १९५६ साली डॅलसचे बॅप्टिस्ट पाद्री डब्ल्यू. ए. क्रिसवेल यांनी साऊथ कॅरोलिनाच्या विधिमंडळापुढे एकत्र शाळांवर आग ओकली. १९६० च्या ईस्टरला बॉब जोन्स (थोरले) यांनी रेडिओवरून एका वचनाचा आधार घेतला. सर्व मानवांचे मूळ एक आहे, असे ते वचन आधी सांगते. राष्ट्रांच्या सीमांचा उल्लेख नंतर येतो. जोन्स यांनी भर दिला तो सीमांवर!

सर्वच धर्मगुरू असे नव्हते. मार्टिन ल्यूथर किंग हेही पाद्रीच होते. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी १९६२ साली कॅथलिक शाळा काळ्या मुलांना खुल्या केल्या आणि विरोध करणाऱ्या तिघांना धर्मबहिष्कृत केले. मग ग्रंथ एकच असताना अर्थ दोन कसे? कारण अनेकांनी आधी आपले वर्चस्व पाहिले आणि वचन नंतर शोधले.

सरकारी शाळेचा बालेकिल्ला ढासळू लागताच गोऱ्यांनी खासगी शाळा काढल्या. त्यातील कित्येक चर्चच्या आश्रयाने चालल्या. तेव्हा लढाई पैशावर आली. १९७० साली करखात्याने वंशभेद करणाऱ्या खासगी शाळांना करमाफी नाकारण्याचे धोरण घेतले. बॉब जोन्स विद्यापीठ धर्मस्वातंत्र्याची ढाल घेऊन न्यायालयात गेले. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने त्याचा दावा फेटाळला. तरीही आंतरवंशीय प्रेमसंबंधांवरील बंदी विद्यापीठाने उठविली ती थेट २००० साली आणि माफी मागितली २००८ साली.

वकिलीच्या व्यवसायात असल्याने आम्हाला यातला धडा महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा बाळगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्या श्रद्धेच्या नावाने माणसाला दाराबाहेर ठेवायचे आणि त्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून सवलतही घ्यायची, हा हक्क कोणालाच नाही. म्हणून हक्काचा निकाल हाती आल्यावर जल्लोष जरूर करावा. पण दुसऱ्याच दिवशी हिशेबाची वही उघडून विषमतेचा खर्च कोण भागवतो, हे तपासावे.