वर्षावासातली भाजी, शेवटच्या ताटापर्यंत पुरणारी

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने. विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन असतं. ते आटोपून घरी यायला साडेआठ-नऊ वाजतात, आणि मग गॅसपुढे उभं राहून बाई विचार करते, आता काय टाकायचं? अनेक घरांत या काळात मटण-मासे बंद. पावसामुळे भाजी महाग. मग बटाट्याचा पातळ रस्सा होतो. आधी मुलं जेवतात, मग कामावरून आलेली माणसं. सगळ्यांत शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात भाकरी, ठेचा आणि रश्श्याचं पाणी तेवढं येतं.

याचा हिशेब रक्तात दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. जिना चढताना धाप लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण ‘बायकांचं असतंच’ म्हणून सोडून देतो.

भगिनींनो, भाजी म्हणजे तोंडी लावणं, ही सवय आधी मोडायला हवी. भाजीच पोटभरीची झाली पाहिजे. हे काही नवीन नाही. मराठवाड्या-विदर्भातल्या आपल्या आज्या पाल्यात डाळ आणि कण्या घालून भाजी वाढवायच्या, ती घरातल्या सगळ्यांना पुरायची.

अंबाडीचंच घ्या. पाच माणसांना दोन जुड्या. पानं खुडून, धुऊन पाच मिनिटं उकळा आणि आंबट पाणी पिळून टाका. कुकरमध्ये पाऊण वाटी तूरडाळ, अर्धी वाटी ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या, मूठभर शेंगदाणे आणि हळद घालून चार-पाच शिट्ट्या होऊ द्या. मग पानं मिसळून रवीनं घोटा, मीठ-तिखट घाला, एक उकळी आली की वरून भरपूर लसणाची खमंग फोडणी. भाकरीबरोबर ही एकच भाजी पुरे होते. वाढायला घेण्याआधी शेवटी जेवणारीची वाटी झाकून बाजूला ठेवा. उरलं तर खाईन, असं म्हणणाऱ्या बाईला काही उरत नाही.

पालेभाजीत लोह असतं, पण आपलं शरीर ते सहज घेत नाही. सोबत लिंबू, आवळा, पेरू असं आंबट काही असलं तर जास्त घेतं. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळायचं, उकळत्या भाजीत नको. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको. चहा लोह अडवतो, निदान तासभर थांबा. मांसाहार बंद ठेवायचा असला तरी गरोदर बाई, बाळंतीण आणि वाढती मुलं यांची अंडी, दूध बंद करू नका. जीवनसत्त्व बी-१२ भाजीपाल्यातून मिळत नाही. दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या गोळ्याही भाजी खाते म्हणून सोडायच्या नाहीत.

पावसाळ्यात बाजारातली भाजी महाग असते तेव्हाच रानभाज्या येतात. टाकळा, म्हणजे विदर्भातला तरोटा, शिवाय कुर्डू, तांदुळजा, घोळ. दुसऱ्याच्या शेतात खुरपताना आपल्या आज्यांनी ओट्यात खुडून आणलेल्या या भाज्या. शहरात आल्यावर आपल्याला त्यांची लाज वाटू लागली, गरिबीची खूण म्हणून. आता कृषी विभाग त्यांचाच रानभाजी महोत्सव भरवतो! मुंबई-ठाण्यात स्टेशनाबाहेर आदिवासी बाया त्या घेऊन बसतात. टाकळ्याची कोवळी पानंच घ्यायची. ओळख नसेल तर विकणारीला नाव विचारा, कशी करायची तेही विचारा, ती हौसेनं सांगते. नाल्याकाठी उगवलेली भाजी मात्र फुकट मिळाली तरी नको. सांडपाण्याची घाण पानांतून पोटात जाते.

वस्तीत कुठे शेवग्याचं झाड असेल तर त्याचा पालाही खाण्यासारखा आहे. देठ काढून पानं ओरबाडून घ्या. कांदा-लसूण-मिरचीच्या फोडणीत अर्धा तास भिजलेली मूगडाळ परतून घ्या, पाला घाला, पाण्याचा हबका मारून दहा-बारा मिनिटं झाकण ठेवा. वर दाण्याचं कूट.

पावसाळ्यात पाल्यात चिखल आणि अळ्या असतात. नळ असेल तेव्हाच भाजी निवडून धुऊन घ्यावी. आधी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग दोन स्वच्छ पाण्यांतून. धुवायचं ते चिरण्याआधी, चिरल्यावर धुतली की सत्त्व पाण्याबरोबर जातं. ते पाणी मोरीत ओतू नका, बादलीत साठवलं की संडासाला कामी येतं.

थंडीचं फार सांगायला नको. मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला, वाल, मटार सगळं स्वस्त असतं, आणि बाजार उठताना तर आणखी उतरतं. मेथीचंही वरच्यासारखंच, डाळ-दाणे घालून गरगट्टं करावं. त्याच दिवसांत हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवला तर उन्हाळ्याची सोय होते.

उन्हाळ्यात खरी अडचण पत्र्याच्या घरांची. सकाळची पालेभाजी दुपारी आंबते, आणि फ्रीज सगळ्यांकडे नसतो. अशा वेळी लाल भोपळा बरा. न कापता खूप दिवस टिकतो, आणि अख्खा परवडत नसेल तर दोन शेजारणींनी मिळून घ्यावा. रात्री वाटीभर काळे हरभरे भिजत घाला, सकाळी कुकरमध्ये शिजवून घ्या. मोहरी-मेथीदाण्याच्या फोडणीत भोपळ्याच्या सालासकट फोडी परता, हरभरे त्यांच्या पाण्यासह घाला, चिंच-गूळ आणि गोडा मसाला टाका. फोडी मऊ झाल्या की झालं. एका वेळेला संपेल एवढीच करा, आणि भोपळ्याच्या बिया फेकू नका, धुऊन वाळवल्या तर मुलं भाजून खातात.