इंटरनेट काही प्रदेशांतच महाग का?

रस्ते, वीज व पाणी यांच्याप्रमाणेच इंटरनेट ही आता विकासाची मूलभूत सोय झाली आहे. तथापि ती सर्वत्र सारख्या खर्चात मिळत नाही. या तफावतीची कारणे समजून घेणे ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरेल.

समुद्रातील मार्ग

देशादेशांतील बहुतेक संदेशवहन समुद्रतळावरील प्रकाशीय तंतूंच्या केबलींतून होते. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली येतात. त्यामुळे तेथे क्षमता विपुल असून कंपन्यांत स्पर्धाही असते. याउलट चाड किंवा मलावी यांना समुद्रकिनाराच नाही. त्यांना शेजारी देशांतून केबल आणावी लागते व त्या मार्गाच्या भाड्याचा भार अखेर ग्राहकावरच पडतो. जेथे केबल नाही, तेथे उपग्रहावर विसंबावे लागते. २००९ मध्ये समुद्री केबली येईपर्यंत केनियाची भिस्त मुख्यतः उपग्रहावरच होती.

खर्च तोच, वाटेकरी थोडे

अंतराइतकेच महत्त्व लोकसंख्येस आहे. कोचीहून लक्षद्वीपला नेलेली केबल जानेवारी २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. तिचा खर्च सुमारे १,०७२ कोटी रुपये होता. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या केवळ ६४,४७३ होती. म्हणजे हा खर्च दरडोई दीड लाख रुपयांहून अधिक होतो. तो रहिवाशांकडून वसूल करणे अशक्यच होय. म्हणूनच ही केबल दूरसंचार कंपन्यांच्या अंशदानातून उभारलेल्या सार्वत्रिक सेवा निधीतून टाकण्यात आली. चेन्नई ते अंदमान-निकोबार या २०२० मधील केबलबाबतही हेच धोरण होते.

गावापर्यंतचा शेवटचा टप्पा

हाच हिशेब डोंगरी व विरळ वस्तीच्या गावांनाही लागू पडतो. समजा, एका गावात केबल नेण्यास ५ लाख रुपये लागले. वीस जोडण्या असतील तर प्रत्येकीवर २५,००० रुपयांचा भार पडेल. दोनशे असतील तर २,५०० रुपयांचाच. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजुरी दिली व तीच पुढे भारतनेट झाली. तिच्यामागील विचार हाच आहे.

परंतु पंचायतीच्या कार्यालयात आलेली केबल वापराविना पडून राहिली, तर गावाचा लाभ होत नाही. शाळा, आरोग्य उपकेंद्र, सहकारी संस्था व घरे यांनी जोडण्या घेतल्या, तरच खर्च विभागला जाईल. चर खोदण्यास वेळेवर परवानगी देणे आणि रस्ता वा नळयोजनेचे काम करताना केबल तुटू न देणे, हे तर पंचायतीच्याच हाती आहे. दूरचा मार्ग शासन बांधू शकते. त्या मार्गाचे वाटेकरी मात्र गावानेच वाढविले पाहिजेत.