कृत्रिम खुबा का वाजतो?

चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. दुखणे गेले, इंदुरातल्या आमच्या जुन्या घराचे जिने पुन्हा चढता येऊ लागले. पुढे दोन वर्षांनी जिना चढताना आणि खाली वाकताना खुब्यातून आवाज येऊ लागला. डॉक्टरांना मी एवढेच सांगितले, ‘‘आवाज येतो.’’ त्यांनी विचारले, ‘‘कसला आवाज?’’ जन्मभर मराठी शिकवलेला मी क्षणभर गप्पच झालो. डॉक्टर म्हणाले, ‘‘नीट ऐका आणि मग सांगा. आवाजाआवाजांत फरक असतो.’’

खुब्याची रचना साधी आहे. मांडीच्या हाडाच्या टोकाचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडात धातूचा दांडा ठोकून बसवतात व त्यावर गोळा चढवतात. कमरेच्या हाडात धातूची वाटी आणि तिच्या आत अस्तर असते. माझा गोळा व अस्तर दोन्ही सिरॅमिकचे आहेत. सिरॅमिक अतिशय कठीण आणि गुळगुळीत असते, त्यामुळे त्याची झीज फार कमी होते. मात्र वाजण्याची तक्रार प्रामुख्याने याच जोडीची असते.

तक्रार तशी जुनी आहे. १९४६ मध्ये पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा बसवण्यास आरंभ केला. तसा गोळा बसवलेल्या एका रुग्णाचा खुबा वाजत असे. त्यावरून इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांचे लक्ष घर्षणाकडे वळले. १९६२ पासून त्यांनी धातूचा लहान गोळा व पॉलिएथिलीनची वाटी अशी जोडी वापरली. आजच्या शस्त्रक्रियेचा पाया तोच. सिरॅमिकवर सिरॅमिक ही जोडी १९७० मध्ये फ्रान्समध्ये प्येर बूतँ यांनी वापरात आणली.

आवाज कसा होतो? झोपाळ्याच्या कड्या कोरड्या पडल्या की कुरकुरतात, तेल घातले की गप्प होतात. सांध्यातही द्रवाचा पातळ थर वंगणाचे काम करतो. तो थर तुटला की दोन पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच घडते. थर तुटण्याची कारणे अनेक आहेत. वाटी फार उभी किंवा तिरकी बसली, तर भार मध्यावर न पडता काठावर येतो आणि गोळ्यावर झिजेचा पट्टा उमटतो. दांड्याची मान वाटीच्या काठावर आपटून धातूचे कण मध्ये येतात. कधी चालताना गोळा वाटीपासून किंचित सुटतो आणि परत काठावर टेकतो.

पण खरी गंमत पुढे आहे. सिरॅमिकच्या तुकड्यांची स्वतःची कंपने इतकी जलद असतात की ती मानवी कानाला ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो धातूच्या भागांचा, विशेषतः दांड्याचा नाद. तंबोऱ्याची तार छेडली तरी आवाज भरतो तो भोपळ्यामुळे, तसेच हे. म्हणूनच दांड्याचा धातू आणि त्याची घडण बदलली की वाजण्याचे प्रमाणही बदलते.

आता शब्दांकडे येतो. नव्या वहाणांसारखी ‘करकर’ किंवा झोपाळ्यासारखी ‘कुरकुर’ बहुधा घर्षणाची असते. ‘खट्’ असा एकेकटा आवाज स्नायूची दोरी हाडावरून सरकल्याने किंवा मान काठावर आपटल्याने येऊ शकतो. वाळू रगडल्यासारखी ‘खरखर’ मात्र गंभीर, विशेषतः सोबत वेदना असेल तर. सिरॅमिक फुटले असण्याची शक्यता असते, आणि त्याचे कण उरलेला सांधाही ओरबाडतात. तेव्हा थांबायचे नसते. अर्थात शब्दावरून निदान होत नाही, ते क्ष-किरण आणि सीटी तपासणीने होते. पण तपासणी किती तातडीची, हे रुग्णाच्या शब्दावरून डॉक्टरांना कळते.

पुढच्या भेटीत मी सांगितले, ‘‘कुरकुरतो. दुखत नाही.’’ तपासणीत वाटी जराशी उभी बसलेली दिसली, सिरॅमिक शाबूत होते. पुन्हा शस्त्रक्रियेची गरज नाही, खोल वाकणे टाळा आणि दरवर्षी दाखवा, असे ठरले.

आपल्या भाषेत आवाजांना इतकी नावे आहेत. विद्यार्थ्यांना ती ‘अनुकरणवाचक शब्द’ म्हणून मी पाठ करून घेतली. दवाखान्यात ती उपयोगी पडतात, हे मला स्वतःच्या खुब्याने शिकवले.