आटलेल्या दुधाचा मुलूख

आमच्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही ते मिळालं. बातमी वाचली आणि गेल्या पन्नास वर्षांत आम्ही भूमकरांनी घरी काय खाल्लं, बाहेर कुठे जाऊन काय चाखलं, हे एकदा नीट आठवावंसं वाटलं. बालाघाटच्या डोंगरातला हा मुरमाड, कमी पावसाचा मुलूख. इथल्या खाण्याबद्दल कोणी कौतुकाने लिहीत नाही, आणि मला ते सलत आलं आहे.

सुरुवात 1972 च्या दुष्काळापासूनच करावी लागते, कारण माझ्या पिढीची चवीची पहिली आठवण तिथलीच. ज्वारीचा हा प्रदेश, पण त्या वर्षी ज्वारी जवळजवळ नव्हतीच. रेशनवर परदेशातून आलेली मिलो मिळायची, तिची भाकरी तांबूस आणि चिवट. दुष्काळी कामावर, खडी फोडायला गेलेल्या घरांत सुकडी यायची. आमच्या आया त्या मिलोतही थोडं जोंधळ्याचं पीठ मिसळून भाकरी थापायच्या, सोबत लसणाचा ठेचा. पुढे मालदांडी ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी ताटात परत आली तेव्हा लहान पोरंही ती कोरडी खायची. भाकरीला स्वतःची गोडी असते हे दुष्काळ पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुष्काळातला शेतकरी जनावरावर तगतो. पीक गेलं तरी म्हैस माळावर फिरून, कडबा खाऊन दोन वेळचं दूध देते. पण भूमला रेल्वे नाही, तेव्हा रस्तेही धड नव्हते. उन्हाळ्यात सकाळचं दूध दुपारपर्यंत नासायचं, मग ते विकायचं कुठे? म्हणून दूध आटवायचं. खवा इथे घराघरांत, वस्तीवस्तीवर रुजला, त्याचं मोठं कारण हेच असावं. म्हशीच्या साधारण साडेचार-पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, गाईच्या दुधाला आणखी लागतं. पाच लिटरचं ओझं एका किलोवर येतं आणि नासायची घाईही कमी होते. इथल्या माणसाने अडचणीवर शोधलेला हा उपाय होता, आणि त्यातून तालुक्याची चव घडली.

खव्याची भट्टी ज्याने जवळून पाहिली नाही त्याला ते काम सोपं वाटतं. मोठी लोखंडी कढई, खाली लाकडाचा जाळ, हातात लांब दांड्याचं खुरपं. दूध उकळायला लागल्यापासून हात थांबवायचा नाही. सुरुवातीला जाळ मोठा चालतो, दूध रबडीसारखं झालं की लाकडं मागे ओढायची, कारण त्यानंतर क्षणभर दुर्लक्ष झालं तरी बुडाला लागतं आणि करपल्याचा वास सगळ्या घाण्यात उतरतो. कडा सुटून गोळा कढईत फिरायला लागला की उतरवायचा. चांगल्या खव्याला कढईचा किंचित भाजका वास असतो, बोटाने चोळला तर तूप सुटतं, जिभेवर कण लागतो. हे काम घरातली माणसं मिळून करतात. दूध काढण्यापासून जाळ घालण्यापर्यंत बाईचा हात त्यात असतो, विक्रीच्या पावतीवर मात्र तिचं नाव क्वचितच येतं. आता काही ठिकाणी मोटरवर फिरणारी कढई आली आहे, आणि मला ती बरी वाटते. धुरात डोळे चुरचुरत घालवलेल्या आयुष्यांपुढे माझ्या जुन्या चवीच्या आठवणीचं मोल कमी आहे.

कढईत उरलेली खरवड हा आम्हा पोरांचा हक्क. साखर घालून ती खाताना जी चव यायची ती पुढे कुठल्याही मिठाईत सापडली नाही. घरी सणाला खव्याची पोळी व्हायची. खवा मंद भाजून, पिठीसाखर आणि वेलची घालून, सैल कणकेत भरायचा. पोळी लाटताना फुटली की आजी ती आधी खायला द्यायची, म्हणून पोळ्या फुटाव्यात असंच आम्हाला वाटे.

पेढ्याची गोष्ट कुंथलगिरीशी जोडलेली आहे. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं हे जैन सिद्धक्षेत्र भूम तालुक्यात आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 च्या सप्टेंबरमध्ये इथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला, त्या वेळी देशभरातून लोक आले होते. यात्रेकरूंच्या पिशवीतून पेढा दूरच्या घरांत पोचला आणि त्याला क्षेत्राचंच नाव चिकटलं.

बाहेर खाणं म्हणजे आमच्या लहानपणी आठवडी बाजार: कागदात बांधलेली गोडी शेव, गरम भजी, जिलेबी. करमाळा-बार्शीकडच्या बाजारांत बाजार आमटी मिळायची. तीन-चार डाळी आणि काळं तिखट घातलेली ती झणझणीत आमटी भाकरी कुस्करून खायची. बार्शी आम्हाला शहर वाटे. तिथे छोटी रेल्वे होती, अरुंद रुळांची, 1897 पासूनची. तिने पंढरपूरला जाताना घरून धपाटे आणि दह्याचं गाडगं घेतलेलं असायचं. सकाळच्या न्याहारीला सुशीला पहिल्यांदा खाल्ला तोही बार्शीतच: भिजवलेले चुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, कढीपत्ता. तो मग आमच्या घरचाच झाला.

वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात मात्र हैदराबाद असे. 1948 पर्यंत आमची राजधानी तीच. मी गेलो तो खूप नंतर, नोकरी लागल्यावर. इराणी चहा, उस्मानिया बिस्किट, रमजानमधलं हलीम. गहू आणि मांस तासन्‌तास घोटून एकजीव करणाऱ्या त्या भट्ट्या पाहिल्या आणि मला आमच्या कढया आठवल्या. संथ आच आणि न थांबणारा हात, दोन्हीकडे तेच कौशल्य. हैदराबादी हलीमला मानांकन 2010 मध्ये मिळालं, आमच्या खव्याच्या कितीतरी आधी. ज्या शहराने आपल्या खाण्याचा अभिमान उघड बाळगला त्याला ते लवकर मिळालं, असं माझं मत आहे.

त्यानंतर कुठेही गेलो तरी मी दुधाचे पदार्थ शोधत गेलो. तुळजापूर-लातूर रस्त्यावरच्या उजनीची बासुंदी, साताऱ्याचा कंदी पेढा, धारवाडचा तांबूस भाजलेला, साखरेत घोळलेला पेढा. दूध कुठे थांबवायचं हा प्रत्येक गावाचा निर्णय आहे. उजनी लवकर थांबते, धारवाड फार पुढे जातं. भूम खव्यावर थांबलं, आणि त्यामुळे दुसऱ्यांच्या मिठाईला कच्चा माल पुरवत राहिलं. आमचा खवा शहरांत जातो, तिथे त्याचे गुलाबजाम होतात, खाणाऱ्याला भूम कुठे आहे हे कळत नाही.

घरच्या स्वयंपाकात फरक पडला तो पुस्तकांनी आणि पुण्याने. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 मध्ये आलं, आणि वाटी-चमच्याचं माप असलेलं ते पुस्तक पुढे आमच्याकडच्या सुनांच्या हाती पोचलं. मुलं शिकायला पुण्याला गेली, त्यांच्यासोबत पावभाजी, मग पनीर घरी आलं. याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते येसराच्या आमटीचं. ज्वारी-बाजरी, गहू, डाळ आणि मसाला भाजून दळलेलं येसर पूर्वी लग्नघरी हमखास असायचं. हुलग्याची शेंगोळी, पावसाळ्यातली तरवट्याची भाजी, हुरड्याच्या आगटीभोवतीची शेंगदाण्याची चटणी, हेही तसंच मागे पडत गेलं. हुरडा तेवढा शहरी पाहुण्यांमुळे परत आला, तोही पैसे देऊन.

सोलापूर-धुळे महामार्ग रुंद झाल्यावर येरमाळा ते सरमकुंडी फाट्यापर्यंत ढाबे वाढले. त्यांत काजूकरी मिळते, तंदुरी रोटी मिळते, येसराची आमटी सहसा मिळत नाही. इथली काळी उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे. तिच्या मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी एखाद्या ढाब्याने मन लावून केली, तर लोक वाकडी वाट करून येतील याची मला खात्री आहे.

2020 च्या टाळेबंदीत मिठाईची दुकानं बंद झाली, लग्नं थांबली, आणि खव्यावर जगणाऱ्या घरांना दुधाचं करायचं काय हा जुनाच प्रश्न पुन्हा पडला. मानांकनाने तो सुटत नाही. तो सुटायचा तर भूमचा खवा भूमच्या नावाने, भूममध्येच पदार्थ होऊन विकला गेला पाहिजे, आणि भेसळीच्या स्वस्त खव्याला गिऱ्हाइकाने नाही म्हटलं पाहिजे.

सोलापूर-धुळे महामार्गाने जाणार असाल तर पेढ्यासोबत पावशेर खवाही घ्या. आजचाच आहे का ते विचारा, बोटावर चोळून पाहा, उन्हाळ्यात गाडीत ठेवून पुढे मुक्काम करू नका. घरी पोचलात की त्याच दिवशी त्याच्या पोळ्या करा.