जंगलातलं कल्पित राज्य आणि तिथली बंदी

अद्भुतकथा लिहिणाऱ्याला सगळं मोकळं असतं. नदी उलटी वाहवावी, मेलेल्यांना बोलतं करावं, डोंगराला राग यावा. पण त्या जगात दोन पुरुष किंवा दोन बायका एकमेकांच्या प्रेमात पडल्या की बहुतेक लेखक आपल्याच वस्तीतला तिरस्कार जसाच्या तसा उचलून तिथे नेऊन ठेवतात. ज्या राज्यात माणसं वाघाचं रूप घेतात, त्या राज्यातला बाप मुलाला घराबाहेर काढताना चंद्रपूरच्या कुठल्याही वॉर्डातल्या बापासारखाच बोलतो. त्या राज्यात वंश कसा चालतो, जमीन कुणाच्या नावावर होते, मेलेल्याचं पुढे काय करतात, याचा विचार झालेलाच नसतो. मला हा आळस वाटतो. त्याने नुकसानही होतं, कारण वाचक त्यातून एवढंच घेऊन उठतो की जग कुठलंही असो, ही माणसं सगळीकडे नकोशीच.

तिरस्काराला मूळ लागतं. ते मूळ कसं शोधायचं, हे शिकायला चंद्रपूर आणि गडचिरोलीइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

इथल्या गोंड आणि माडिया कुळांची मांडणी देवांच्या संख्येवर आहे. कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. सारख्या देवसंख्येची कुळं एकमेकांची भाऊबंद, म्हणून त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक करायची ती वेगळ्या देवसंख्येच्या कुळात. आडनाव ऐकलं की जाणत्या माणसाला देव किती ते कळतं. ही घडी पहांदी पारी कुपार लिंगोने घालून दिली, असं गोंडांच्या परंपरागत कथा सांगतात. म्हणजे परस्परांना शिवू नये अशी रेघ इथे आखलेली आहे, ती अगदी पक्की आहे, आणि ती भाऊबंदकी आणि सोयरीक यांच्या मधून जाते.

आता यावर एक कल्पित राज्य उभं करून पाहा. वैनगंगा आणि इंद्रावतीच्या मधलंच जंगल, फक्त नावं वेगळी. दोन तरुण पुरुष गावच्या जाणत्यासमोर येऊन सांगतात की आम्हाला एकत्र राहायचं आहे. जाणता पहिला प्रश्न विचारतो, ‘तुमचे देव किती?’ एक चारचा, दुसरा पाचचा निघाला तर जाणत्याचा चेहरा सैल होतो. दोघेही चारचे निघाले तर सभा उठते, कारण भावाभावांनी संसार मांडणं हे त्या राज्यातलं महापाप. पुढचे प्रश्न याहून अवघड. वधूमूल्य कुणी कुणाला द्यायचं? कोणत्या सासऱ्याच्या शेतात कोण राबणार? मेल्यावर आठवणीचा दगड कुणाच्या कुळाच्या दगडांशेजारी उभा करायचा? या तीन प्रश्नांत कादंबरी आहे. इथे विरोध करणारी म्हातारी दुष्ट असण्याची गरजच उरत नाही. तिला लेकाच्या नावाचा दगड आपल्या कुळात हवा आहे, एवढंच. तरीही ती दोघांचं आयुष्य मोडू शकते.

यावरून गोंड समाजात अशा नात्यांना मोकळीक होती किंवा आहे, असा अर्थ कुणी काढू नये. मी नियमाच्या तर्काबद्दल बोलतो आहे. आणि कुणा लेखकाने या समाजाची दैवतं, चालीरीती नाव बदलून उचलायच्या असतील, तर आधी त्या गावात जाऊन बसावं, विचारावं.

हाच तर्क जगाच्या दुसऱ्या टोकाला एका थोर लेखिकेने वापरला आहे. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. कुळांचे आणि लग्नांचे नियम हा क्रोबर यांच्या शास्त्राचा रोजचा विषय. १९९६ साली आलेल्या ‘माउंटन वेज’ या कथेत तिने ‘ओ’ नावाच्या ग्रहावरचं लग्न रंगवलं. तिथली सगळी माणसं जन्मतः सकाळची किंवा संध्याकाळची. लग्न चौघांचं असतं: दोन बायका आणि दोन पुरुष, त्यातही एक बाई, एक पुरुष सकाळचे आणि एक बाई, एक पुरुष संध्याकाळचे. त्या चौकटीत बाईचं बाईशी आणि पुरुषाचं पुरुषाशी नातं रीतसर लग्नाचाच भाग आहे. सकाळच्याने सकाळच्याशी संबंध ठेवणं मात्र घोर अपराध. कथेतल्या दोन बायकांना एकत्र राहायचं असतं, पण डोंगरातल्या विरळ वस्तीत चौघांचा मेळ बसत नाही, म्हणून एक जण पुरुषाचा वेश घेते. प्रेमाला तिथे कुणाची हरकत नाही. लग्नाच्या नावाखाली सगळ्यांना फसवलं, ही भीती त्यांना पोखरते. सकाळ-संध्याकाळच्या जागी चार आणि पाच देव ठेवले की ही कथा आपल्या जंगलाच्या किती जवळ येते, ते दिसतं. याच लेखिकेची १९६९ची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी जास्त प्रसिद्ध आहे. तिथली माणसं कायमची पुरुष किंवा बाई नसतात, तरीही समलिंगी नात्याला आपण जागाच ठेवली नाही, हे तिने पुढे स्वतः कबूल केलं.

तिरस्काराचं दुसरं मूळ म्हणजे बाहेरून आलेली सत्ता. नागपूरचं राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केलं आणि त्याबरोबर चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूरही, त्यांच्याकडे गेला. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी दिली. दोनच वर्षांनी, १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. तिच्यातल्या कलम ३७७ने ‘निसर्गाच्या व्यवस्थेविरुद्ध’ संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरवली. १८६५ मध्ये वन कायदा आला, १८७८ मध्ये तो अधिक कडक झाला. मधल्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांची नोंदवही ठेवायला लावली. जंगलातला बांबू तोडायला आणि आवडत्या माणसाजवळ निजायला, दोन्हीला सरकारची परवानगी लागू लागली ती एकाच पिढीच्या काळात. आपल्याकडच्या लेखकांना या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटल्या नाहीत, याचं मला वाईट वाटतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी २ जुलैला ३७७चा जाच दूर केला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत आणला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरता कायमचा काढला. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मिळाला नाही.

हे सगळं कल्पित जगात कसं उतरतं, ते पाहायचं तर सेथ डिकिन्सन यांची २०१५ची ‘द ट्रेटर बारू कॉर्मोरंट’ ही कादंबरी वाचावी. बारू नावाच्या मुलीला एक आई आणि दोन वडील आहेत, आणि तिच्या बेटावर त्यात वावगं काही नाही. मग व्यापारी साम्राज्य येतं. आधी कागदी चलन, मग शाळा, मग साथीचा रोग, आणि त्याच्या मागोमाग ‘आरोग्यशास्त्र’, जे सांगतं की तुझं घर विकृत आहे. एक वडील नाहीसे होतात. मुलगी साम्राज्याच्याच शाळेत शिकून त्याची हिशेबनीस होते आणि बायकांवरचं आपलं प्रेम दडवत जगते. तिरस्कार इथे हिशेबाच्या वहीतून, शाळेच्या फळ्यावरून येतो, म्हणून तो खरा वाटतो.

आपल्या देशातलं उदाहरण याहून सरस आहे. राजस्थानीतले विजयदान देथा यांची ‘दोहरी जूण’ ही कथा. दोन शेठ मित्र, मुलं जन्मायच्या आधीच त्यांचं लग्न ठरवतात. दोघांनाही मुली होतात. त्यांतला एक हुंड्याच्या लोभाने आपली मुलगी मुलगा म्हणून वाढवतो आणि लग्न लावून देतो. पहिल्या रात्री खरं कळतं, पण बीजा आणि तीजा एकमेकींवर जीव लावतात. गाव खवळतं. दोघी रानात जातात आणि तिथली भुतं त्यांना आसरा देतात, महाल देतात. भुतांचा सरदार बीजाला पुरुष करतो. पुरुष होताच बीजाची नजर बदलते, आवाज चढतो, तीजावर मालकी सुरू होते. शेवटी ती पुन्हा बाई होते आणि त्यांचं प्रेम परत येतं. गावाला काय खुपत होतं, ते देथांनी त्या एका बदलात उघडं केलं: बायको आहे आणि तिच्यावर मालक नाही.

मराठीत विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आणलं. नायिकेला स्त्री आवडते, हे तेव्हा मराठी रंगमंचावर उघडपणे म्हणायला धाडस लागत होतं. मित्रा शेवटी आत्महत्या करते. वास्तववादी नाटकाला तो शेवट त्या काळाने भाग पाडला असेल. अद्भुतकथेवर तशी सक्ती नाही. तरी आजही अशा जोडीतला एक जण मारून टाकण्याची सवय लेखकांना सुटत नाही.

तिरस्कार चालतो कसा, हेही दाखवायला हवं. गावात आजार आला की कुणाच्या तरी दारात बोट जातं. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणीत करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना बांधून मारलं. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात दोघांना जाळलं. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आणि २०१७ मध्ये लागू झालेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा असूनही हे घडलं. कल्पित राज्यात समलिंगी जोडप्यावर संकट आणायचं असेल तर ते या वाटेने येऊ द्या: आधी पाऊस लांबतो, मग गुरं मरतात, मग कुणाला तरी त्या दोघींचं झोपडं आठवतं. आधी शांतपणे नांदू दिलेल्यांचा घास गाव एका रात्रीत कसा घेतं, ते वाचकाला पटेल.

तिरस्काराचा लवलेश नसलेलं जग लिहायलाही माझी हरकत नाही. एलन कुशनर यांच्या १९८७च्या ‘स्वोर्ड्‌सपॉइंट’मध्ये तलवारबाज आणि त्याचा सखा एकत्र राहतात, नगरात कुणी भुवई उंचावत नाही, आणि कथेत संकटांना तोटा नाही. चामोर्शीच्या किंवा सिंदेवाहीच्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाला असं एक पुस्तक मराठीत मिळालं, तर मी आणखी काही मागणार नाही.

आणि पुस्तकाच्याही आधी आपल्याकडे रंगमंच आहे. भाऊबीजेनंतर धान घरात येतो, गावोगावी मंडई भरते, पाहुणे जमतात, सोयरिकी जुळतात, आणि झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकांच्या कंपन्यांचं गाव. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं पाहत वाढलेला हा प्रेक्षक साडी नेसलेल्या पुरुषाला पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या देत आला आहे. देव, भूत, राजा, राक्षस त्याला परके नाहीत. त्याच्यासमोर ‘तुमचे देव किती?’ हा प्रश्न घेऊन उभं राहणारं नाटक मला याच मंडईच्या हंगामात पाहायचं आहे. वडशाच्या लेखकांनो, हा विषय तुमचा आहे. मुंबई-पुण्याची वाट न बघता लिहायला घ्या.